विनोदी कार्यक्रमांचंही परीक्षण करा

प्रति,
मराठी वर्तमानपत्रांच्या मनोरंजन पुरवण्यांचे संपादक आणि समीक्षक यांस,



शुक्रवारी चित्रपट लागतो आणि रविवार उजाडेपर्यंत तुमच्या पानावर त्याचं परीक्षण आलेलं असतं. किती तारे ते वर, काय जमलं आणि काय फसलं ते खाली. नवं नाटक रंगभूमीवर आलं की महिन्याभरात त्याच्याविषयीही एखादा जाणता माणूस लिहितो. ते वाचून आम्ही ठरवतो, तिकिटं काढायची की नाही. आमच्या घरात नाटक वर्षातून एखाद-दुसरं होतं, चित्रपट थोडे जास्त. टीव्ही मात्र रोज रात्री लागतो. आणि रोज रात्री जेवणाच्या वेळी टीव्हीवरचा कोणता विनोदी कार्यक्रम बघण्यासारखा आहे, याबद्दल तुमच्या पुरवणीत एक ओळ सापडत नाही. तक्रार ही आहे, आणि ती मनापासून आहे म्हणून जाहीरपणे लिहिते आहे.

मालिका सगळ्याच प्रकारच्या असतात, मग विनोदी कार्यक्रमांचंच का विचारते? कारण घरातली सगळी माणसं एका जागी बसून बघतात असे हेच कार्यक्रम उरलेत. कौटुंबिक मालिका एकाला आवडते, दुसऱ्याला नकोशी होते. बातम्यांवरून वाद होतात. मुलं मोबाइलमध्ये असतात. विनोदी कार्यक्रम लागला की सासरे, आम्ही दोघं आणि पाचवीतला मुलगा एका सोफ्यावर येतो. तिथे निवड चुकली तर एखाद्या विनोदानंतर खोलीत जी शांतता पसरते, ती घरातल्या प्रत्येकाला जाणवते.

निवडायला सध्या कमी नाही. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सोनी मराठीवर २०१८ पासून चालू आहे. ‘चला हवा येऊ द्या’ जवळजवळ दहा वर्षं चालून २०२४ च्या मार्चमध्ये थांबला आणि २०२५ च्या जुलैत अभिजीत खांडकेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली परत आला. हिंदीत ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ २००८ पासून सुरू आहे. जुन्या मालिका ओटीटीवर आणि यूट्यूबवर पडून आहेत, त्या वेगळ्याच. ‘हवा येऊ द्या’ परतला तेव्हा मी बरंच वाचलं. कोण परत आलं, कोण नाही आलं, का नाही आलं, कोण कुणाबद्दल काय बोललं. नव्या पर्वात लेखन सुधारलंय का, कार्यक्रमातल्या जुन्या थुकरटवाडी या काल्पनिक गावात होतं त्यातलं काय टिकलं, काय गेलं, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही. माझा प्रश्न तेवढाच होता.

तुमच्या पानावर काय असतं ते मी रोज बघते. प्रोमो आला. मालिकेत लीप येणार. अमुक कलाकाराची एक्झिट. तमुक अभिनेत्रीचा सेटवरचा डान्स. आणि ‘नेटकऱ्यांनी’ काय म्हटलं. कुणीतरी दोन ओळींची कमेंट टाकतं, तिची बातमी होते आणि त्या बातमीत तुमचं स्वतःचं मत कुठेच नसतं. माझं म्हणणं असं की नेटकऱ्यांचं मत आम्हाला फोनवर मिळतंच. ज्यानं शंभर नाटकं बघितली आहेत, चांगला विनोद आणि पाणचट विनोद यांतला फरक ज्याला सांगता येतो, त्याचं मत हवं म्हणून आम्ही वर्तमानपत्र घेतो.

आता टीआरपीबद्दल. दर गुरुवारी आकडे येतात आणि तुम्ही पहिल्या दहाची यादी छापता. छापा, हरकत नाही. ती व्यवसायाची बातमी आहे. पण ती यादी गुणवत्ता यादीसारखी मांडली जाते, तिथे माझा आक्षेप आहे. हे आकडे देणाऱ्या बार्क या संस्थेनं देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक घरांत मीटर बसवलेत. टीव्हीवर कोणती वाहिनी किती वेळ लावलेली होती ते त्यावरून कळतं. त्या वेळी घरातलं कुणी हसलं का, हे कोणत्याही मीटरला कळत नाही. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’चं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. २००४ मध्ये स्टार वनवर सुरू झालेली ती मालिका आकड्यांत मागे होती आणि सत्तरच्या आसपास भागांत आटोपली. पुढे पुनःप्रक्षेपणात तिला जो प्रेक्षक मिळाला तो अजून हटलेला नाही. सतीश शहा गेले तेव्हा लोकांनी त्यांच्या इतक्या भूमिकांमधून या मालिकेतला इंद्रवदनच आठवला. मालिका चालू असताना आठवड्याच्या आकड्यांशेजारी एखाद्या समीक्षकानं चार परिच्छेद लिहून ‘हे सोडू नका’ असं बजावलं असतं, तर पुष्कळ घरं त्या मालिकेपर्यंत वेळेवर पोचली असती.

कार्यक्रमाच्या आतही आम्हाला मदत करणारं कुणी नाही. प्रहसनांच्या कार्यक्रमात परीक्षक बसवलेले असतात, पण ते कुणाला नापास करत नाहीत. प्रहसन चालू असताना दर दोन वाक्यांनी त्यांच्या हसण्याचा शॉट येतो, वर संगीताचा ठोका पडतो, आणि शेवटी तोंडभरून कौतुक होतं. कलाकारांना उभारी मिळते, ते मला मान्य आहे. पण हसू कुठे यायला हवं हे पडद्यावरूनच सांगितलं जात असताना मला खरंच हसू आलं का, हे ताडून बघणं घरच्या प्रेक्षकाला अवघड जातं. मी एकदा एक गाजलेलं प्रहसन आवाज बंद करून पाहिलं. समीर चौघुले यांच्या चेहऱ्यावर आणि हातांत जे चाललं होतं ते आवाजाशिवायही पोचत होतं. दुसऱ्या एका प्रहसनात परीक्षकांचे शॉट वगळले तर काहीच घडत नव्हतं. असं काही तरी तुम्ही लिहा. तुमची नजर माझ्यापेक्षा तयार आहे.

माझी सगळ्यात मोठी तक्रार लेखकांच्या नावांची आहे. मराठी टीव्हीवरचा जो विनोद टिकला, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा कुणाचं तरी पक्कं लेखन आहे. दूरदर्शनवर ‘चिमणराव’ आली ती चिं. वि. जोशींच्या कथांमधून. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ अजरामर केले, पण त्या दोन माणसांचा स्वभाव, त्यांची फजिती, बोलण्याची ढब कागदावर आधीच तयार होती. २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली ती प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून, केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनात. साठीही न गाठलेल्या प्रभावळकरांनी त्यातले आजोबा, आबा टिपरे, उभे केले. शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका यांच्या घरात फारसं काही घडायचं नाही. गॅस संपतो, पाहुणे येतात, परीक्षा येते, कुणाला तरी कविता सुचते. तरीही आज तिचा कुठलाही भाग लावा, हसू येतं, कारण प्रत्येक माणूस आपल्या स्वभावाप्रमाणेच वागतो आणि त्यातूनच घोटाळा होतो. कुणाच्या रूपावर, जाडीवर, रंगावर एक वाक्य टाकायची गरज लेखकाला पडलेली नाही. ‘तारक मेहता’सुद्धा एका गुजराती लेखकाच्या ‘चित्रलेखा’तल्या सदरातूनच आली.

‘चला हवा येऊ द्या’मध्येही हेच दिसलं. हसवता हसवता मध्येच सागर कारंडे पोस्टमनच्या वेशात येऊन पत्र वाचायचा आणि समोरचे पाहुणे डोळे पुसायचे. ती पत्रं अरविंद जगताप लिहीत होते. हे महाराष्ट्राला माहीत झालं, कारण त्यांचं नाव घेतलं गेलं. लेखकाचं नाव घेतलं की प्रेक्षक ते लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी त्या नावासाठी थांबतो. पण हा अपवाद झाला. एरवी भाग संपतो, नावांची पट्टी पडद्याच्या एका कोपऱ्यात आखडली जाते, उरलेल्या भागात पुढच्या मालिकेचा प्रोमो सुरू होतो आणि ती अक्षरं अशा वेगानं सरकतात की चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. आजचं प्रहसन कुणी लिहिलं हे मला कळत नाही. तुमच्या पानावरही कळत नाही. ‘गौरव मोरेनं हसवलं’, ‘भाऊ कदमची धमाल’ एवढंच. ही माणसं फार मोठ्या ताकदीची आहेत, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्यांच्या तोंडी वाक्य देणारा माणूस कोण, हे तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कोण सांगणार?

आणि या लेखकांवर केवढा भार आहे तेही वाचकांपर्यंत पोचू द्या. आठवड्यातून चार रात्री कार्यक्रम, एका रात्रीत तीन प्रहसनं एवढंच धरलं तरी आठवड्याला बारा होतात, वर्षाला सहाशेच्या घरात. एवढी प्रहसनं सारख्या दर्जाची लिहिणं जगातल्या कोणत्याही लेखकाला शक्य नाही. काही उत्तम होणार, बरीच चालून जाणारी, काही सरळ वाईट. म्हणून तर निवड करून देणारा माणूस हवा. ‘या आठवड्यात मंगळवारचं दुसरं प्रहसन चुकवू नका, बाकीचं नाही पाहिलं तरी चालेल’ असं एक वाक्य छापलंत तर माझ्यासारख्या हजारो घरांचे दोन-तीन तास वाचतील.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण समीक्षक नसल्याची किंमत इथे सर्वांत जास्त मोजावी लागते. पुरुषांनी साडी नेसून केलेल्या विनोदाची. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला पुरुषानं स्त्री होण्याचं वावडं कधीच नव्हतं. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त विजय चव्हाणांनी तर घरांच्या तीन पिढ्यांना एकत्र हसवलं. पण त्या नाटकात हसू साडीचं नव्हतं. मित्रांची अडचण भागवण्यासाठी एका तरुणाला मावशी व्हावं लागतं, ते सोंग उघडं पडेल या भीतीनं तो घामाघूम होतो, आणि त्यात खरी मावशी दारात येऊन उभी राहते. साडी ही गोष्टीची गरज होती. प्रेक्षकाचा जीव त्या मुलाच्या फजितीत अडकलेला असायचा.

आज कित्येक प्रहसनांत पुरुष साडी नेसून येतो आणि विनोद तिथेच संपतो. पदर ओढायचा, कमरेत लचकायचं, दुसऱ्यानं त्याला ‘म्हैस’ किंवा ‘टाकी’ म्हणायचं, टाळ्या. ही बाई कोण, तिला काय हवंय, ती का भांडतेय, याचा पत्ता नाही. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, श्रेया बुगडे यांच्यासारख्या अभिनेत्री मराठीत असताना बाईची भूमिका पुरुषाकडे का गेली, हा साधा प्रश्नही कुणी लेखी विचारत नाही. ‘हास्यजत्रे’तली नम्रताची लॉली बघताना मला हसू येतं, कारण लॉलीचं स्वतःचं एक जग आहे आणि ती त्या जगाशी प्रामाणिक आहे. हा फरक प्रेक्षकाला जाणवतो, पण शब्दांत मांडता येत नाही. तो शब्दांत मांडून दाखवणं हे तुमचं काम आहे. तुम्ही ते केलंत तर निर्मात्यांनाही कळेल की कुणीतरी बारकाईनं बघतंय.

मी शाळेत मराठी शिकवते. टीव्हीवर रात्री जे चाललं ते सकाळी माझ्या वर्गात येतं. सातवीच्या वर्गातल्या एका अंगानं भरलेल्या मुलीला मुलांनी एका प्रहसनातल्या पात्राचं नाव दिलं. ती आठवडाभर डबा खायला मैदानात आली नाही, वर्गातच बसून राहिली. मुलांना विचारलं तर मुलं म्हणाली, ‘बाई, टीव्हीवर तर सगळे हसतात.’ त्यांना रागवून भागत नाही, कारण मुलं खोटं बोलत नव्हती. टीव्हीवर सगळे हसलेच होते, परीक्षकांसकट. काळ्या रंगावरचे विनोद, टकलावरचे विनोद, जाड बायकोवरचे विनोद यांना बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदीनं विनोद मरतो. पण एखाद्या जाणत्या माणसानं तुमच्या पानावर लिहावं की हा विनोद आळशी आहे, यात लेखकानं कष्ट घेतलेले नाहीत. मी ते कात्रण वर्गात वाचून दाखवीन. मुलं अशी चर्चा आवडीनं करतात.

बोलींचंही असंच आहे. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ नाटकात मच्छिंद्र कांबळींची मालवणी ऐकताना आधी मालवणी माणूस हसला, मग बाकीचे. भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलतात तेव्हा ती त्यांची भाषा असते. अरुण कदमांच्या आगरीत जिव्हाळा असतो. पण केवळ नोकर आहे, चोर आहे किंवा बावळट आहे म्हणून एखाद्या पात्राच्या तोंडी बोली घातली जाते, तेही कानाला कळतं.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. जागा कमी, माणसं कमी, वाहिन्यांच्या जाहिराती त्याच पुरवणीत. चित्रपट अडीच तासांत संपतो. रोजचा कार्यक्रम बघायचा कुणी आणि किती? शिवाय टीव्ही म्हणजे हलकं माध्यम, त्याच्यावर समीक्षकानं कशाला वेळ घालवायचा, अशी एक समजूत आहे, तिच्याबद्दल मात्र मला बोलायचंय. नाटकालाही एके काळी लोक करमणूकच म्हणत होते. माधव मनोहरांनी आयुष्यभर नाटकं पाहिली आणि कोणतं नाटक कुठल्या परदेशी नाटकावरून बेतलंय ते निर्भीडपणे लिहिलं. कमलाकर नाडकर्णींची परीक्षणं वाचायला लोक थांबत आणि नाटकवाले धास्तावत. त्यांच्यामुळे आमच्या आईवडिलांच्या पिढीला नाटक बघता यायला लागलं. टीव्हीवरच्या विनोदाला एवढा मोठा प्रेक्षक असताना त्याच्या वाट्याला असा एकही माणूस यायचा नाही, हे मला पटत नाही. नाटकाचं तिकीट चारशे-पाचशे रुपयांचं असतं म्हणून प्रेक्षकाला सावध करायचं, आणि रोजचा एक तास फुकट आहे असं समजायचं, हा हिशेबही बरोबर नाही. तो तास मुलाच्या झोपेतून, आईच्या विश्रांतीतून येतो.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा. आठवड्याला अर्धा कॉलम द्या, जास्त नको. पहिल्या भागावर लिहू नका. पहिला भाग सगळेच सजवून करतात. तीन-चार आठवडे जाऊ द्या, कार्यक्रमाची खरी चाल तेव्हा कळते. मग लिहा, आणि एखादं प्रहसन उलगडून लिहा: सुरुवात कुठून झाली, हसू कुठे पिकलं, शेवट कुठे ढासळला. लेखकाचं नाव शोधून छापा, पट्टीत दिसलं नाही तर निर्मात्याला फोन करून विचारा. टीआरपीची यादी वेगळ्या चौकटीत ठेवा. मुलांसोबत बघता येईल का, हे एका वाक्यात स्पष्ट सांगा. जुन्या मालिकांपैकी कोणती आज कुठे बघायला मिळते आणि तिचे कोणते भाग आधी बघावेत, हेही अधूनमधून येऊ द्या. ‘टिपरे’ न पाहिलेली अख्खी पिढी आता नोकरीला लागली आहे.

आणि संपत आलेल्या गोष्टींवर लिहायला कचरू नका. आवडता कार्यक्रम दमला की ते सांगायला कुणीच पुढे येत नाही. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ २०१५ मध्ये आली आणि वर्षभरात, लोक अजून मागत असताना, थांबली. म्हणून ती मनात ताजी आहे. असं थांबणं कलाकारांच्या आणि लेखकांच्या भल्याचं असतं. तुम्ही ते आदरानं लिहिलंत तर ते कुणाला लागणार नाही.

वाहिन्यांना पत्र लिहिण्याऐवजी तुम्हाला लिहिलं, त्याला कारण आहे. वाहिनीला तिचा धंदा बघावा लागतो, कलाकाराला पुढचा भाग. आमच्या बाजूनं बोलायला तुमच्याशिवाय कुणी नाही. येत्या रविवारी सध्या चालू असलेल्या कोणत्याही एका विनोदी कार्यक्रमावर तुमचं परीक्षण छापा. तुमचं मत माझ्याशी जुळेल असं नाही, जुळायलाही नको. मी ते वाचीन, घरी वाचून दाखवीन, आणि पटलं नाही तर का पटलं नाही ते तुम्हाला पत्रानं कळवीन.



आपली,
एक प्रेक्षक आणि नियमित वाचक